शिन्जुकूत उभं राहण्याचा हक्क

टोकियोच्या शिन्जुकू स्टेशनचा विषय निघाला की आधी आकडे येतात. २००७ साली रोजचे सरासरी ३६ लाखांहून अधिक प्रवासी, बाहेर पडायला दोनशेच्या वर वाटा, गिनेस बुकातली नोंद. मला यापेक्षा महत्त्वाचं वाटतं ते हे, की एवढ्या माणसांना एकत्र आणणाऱ्या जागेत माणसाला नुसतं उभं राहता येतं का?

१ मार्च १८८५ रोजी निप्पोन रेल्वेने हे स्टेशन उघडलं, तेव्हा गर्दीचा प्रश्नच नव्हता. जुन्या वाटसरूंच्या मुक्कामाच्या गावापासून ते जरा दूरच होतं. १९२३च्या भूकंपानंतर टोकियोकर पश्चिमेच्या उपनगरांकडे सरकले आणि शिन्जुकूला गाडी बदलणं त्यांच्या रोजच्या जगण्याचा भाग झालं. १९२७ साली ओदाक्यू रेल्वे आली. त्याच वर्षी जवळच मोइची तानाबे या कोळसा-लाकडाच्या व्यापाऱ्याच्या मुलाने किनोकुनिया हे पुस्तकांचं दुकान काढलं. गाडी बदलता बदलता लोक घटकाभर रेंगाळले तरच असं दुकान चालतं, आणि ते चाललं.

१९६६मध्ये पश्चिमेला जुन्झो साकाकुरा यांनी आखलेला भुयारी चौक तयार झाला. मधोमध छत उघडं, त्यातून वळत उतरणारे मोटारींचे रस्ते, खाली लोकांची ये-जा. पुढच्याच वर्षी अमेरिकी लष्करी तळासाठी विमानाचं इंधन नेणारी मालगाडी स्टेशनात अपघातात पेटली. व्हिएतनामचं युद्ध आपल्याच रुळांवरून जातंय, हे शहराला डोळ्यांनी दिसलं. १९६९मध्ये तरुण मंडळी शनिवारी गिटार घेऊन त्या चौकात युद्धविरोधी गाणी म्हणू लागली. घरी निघालेली माणसं थांबायची, ऐकायची, अनोळखी माणसाशी वाद घालायची. गर्दी हजारोंवर गेली, पोलिसांनी अश्रुधूर सोडला आणि जुलैत पाट्याच बदलल्या. कालचा चौक आज रहदारीचा मार्ग झाला. मार्गावर थांबणारा आपोआपच अडथळा ठरतो, मग त्याला हटवणं सोपं जातं.

तोच न्याय जानेवारी १९९६मध्ये लागला. पश्चिमेच्या भुयारी मार्गातली बेघरांची पुठ्ठ्यांची घरं हटवली गेली, कारण तिथे सरकता पदपथ बसवायचा होता.

लाखो माणसं धक्काबुक्कीविना हलती ठेवणं हे थोर कौशल्य आहे, ते मी कमी लेखत नाही. २०२०मध्ये पूर्व-पश्चिम जोडणारी वाट तिकिटाविना खुली झाली, मोठा वळसा वाचला. फार चांगलं झालं. आता पश्चिमेचा सगळा भाग नव्याने उभारला जातोय, मोटारींची जागा कमी करून ती पादचाऱ्यांना द्यायचं ठरलंय. त्यातला थोडा तुकडा ज्याला कुठेही जायचं नाही, काही विकत घ्यायचं नाही, अशा माणसासाठीही राखला जावा, असं मला मनापासून वाटतं.