ऐकीव वाढदिवस

केक साडेसातला कापायचा ठरला होता. आठ वाजले तेव्हा उत्सवमूर्ती रडून रडून आईच्या खांद्यावर झोपली होती आणि सोसायटीच्या हॉलमध्ये तीसेक माणसं वेफर्सच्या बशा हातात धरून कुजबुजत होती, "उठवायचं का?" शेवटी उठवलं. माझ्या भाचीची ही मुलगी, त्या दिवशी दोन वर्षांची झाली. डोक्यावरच्या टोपीचं इलॅस्टिक तिच्या हनुवटीत रुतत होतं. गाणं सुरू झालं. त्या गाण्यात अवघड जागा एकच, नावाची. निम्म्यांनी पाळण्यातलं नाव घेतलं, निम्म्यांनी 'चिऊ' म्हटलं आणि ऑफिसातल्या मंडळींनी तेवढा भाग नुसता गुणगुणून काढला. अमेरिकेतल्या केंटकीच्या हिल भगिनींनी १८९३ साली ही चाल छापली, ती बालवाडीच्या पोरांना सकाळी 'गुड मॉर्निंग' म्हणण्यासाठी. चिऊला मात्र ती रात्री आठ वाजता झोपमोड करून ऐकावी लागली.

हे सगळं कुणासाठी, असा प्रश्न अशा वेळी कुणीतरी हळूच विचारतंच. पूर्वी तो मीच विचारायचो. तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं मोठेपणी सहसा आठवत नाही. म्हणजे तो केक, ते फुगे, ती गुलाबी झालर, यातलं काहीच चिऊजवळ उरणार नाही. मग ही आईबापांची हौस, दुसरं काय! हौस आहेच, त्यात गैर काही नाही. पण तेवढं म्हणून विषय संपत नाही, असं मला हल्ली वाटतं.

आपला जन्म आपल्याला आठवत नाही. आपण हजर असतो, पण साक्षीला उपयोगी नसतो. जन्माचा दाखलासुद्धा दुसऱ्या कुणीतरी कचेरीत सांगितलेल्या गोष्टीवर निघतो. स्वतःविषयीची सगळ्यात पहिली माहिती माणसाला दुसऱ्यांच्या तोंडून घ्यावी लागते आणि त्यावर विश्वास ठेवावा लागतो.

आमची आई, म्हणजे चिऊची पणजी, सोलापूरकडची. शाळेत गेली नाही. तिच्या आधार कार्डावर १ जानेवारी छापलंय, कारण साल अंदाजाने सांगितलं की तारीख यंत्रच घालतं. माझ्या वडिलांची १ जून. ती गुरुजींनी घातलेली. शाळा जूनमध्ये उघडायची, पोरगं सहा वर्षांचं दिसत असलं की गुरुजी नाव दाखल करून घ्यायचे. महाराष्ट्रात त्या पिढीचे इतके लोक १ जूनला जन्मलेत की त्या दिवशी फोनवर शुभेच्छा देता देता बोटं दुखतात. आईला मात्र तारीख नसली तरी जन्म नीट ठाऊक आहे. "गांधीबाबा गेले तेव्हा मी महिन्याभराची होते, शेतात हुरडा चालला होता." हेही तिला तिच्या आईने सांगितलेलं. पुढच्या माणसांची मोजणीही अशीच: कुणी कोयनेच्या भूकंपाच्या वर्षीचं, कुणी बहात्तरच्या दुष्काळातलं. गावावर जे कोसळलं त्याच्या आधाराने पोराचं वय धरायचं. चिऊला सबंध एक दिवस तिच्या एकटीच्या नावाचा मिळाला, हे आईच्या दृष्टीने केवढं तरी आहे.

आणि तेव्हा वाढदिवस मोठ्याने करायची छातीही नव्हती. १९७१ साली भारतात जन्मलेल्या दर हजार मुलांमागे १२९ वर्षाच्या आतच जात. २०२० साली हा आकडा २८ वर आला, महाराष्ट्रात १६ वर. आईला सात झाली, पाच जगलो. वय मोजलं की दृष्ट लागते, म्हणून मोजायचं नाही; पोराला दगडू, धोंडू, केरू म्हणायचं, म्हणजे न्यायला आलेल्याला वाटावं हे काही कामाचं नाही. हॉलमधल्या भिंतीवर चिऊचं नाव फूटभर अक्षरांत चमकत होतं. आईने ते पाहिलं, काही बोलली नाही, फक्त चिऊच्या कानामागे काजळाची तीट लावली.

सकाळी घरी औक्षण झालं होतं. औक्ष म्हणजे आयुष्य, 'औक्षवंत हो' म्हणतात त्यातलं. पाट, भोवती रांगोळी, कुंकू, अक्षता, मग सुपारी आणि सोन्याची अंगठी ओवाळायची, शेवटी निरांजन. आमच्या आईची यात एक भर असते: ती डोक्यावर दूर्वा ठेवते आणि कापूस. कापसासारखी म्हातारी हो, म्हणते. दोन वर्षांच्या पोरीच्या कुरळ्या काळ्या केसांवर पांढरा कापूस. केकवर आपण आकडा लावतो, झालेल्या वर्षांचा. कापूस न झालेल्या वर्षांचा असतो, ऐंशी-नव्वद वर्षांनंतरच्या चिऊचा, जिला तिथे बसलेल्यांपैकी जवळजवळ कुणीच पाहणार नाही. चिऊने तो उचलला आणि तोंडात घातला.

फोटोत यातलं काय येणार? संध्याकाळचे फोटो सुंदर आलेत. फोटोग्राफरने खुळखुळा वाजवून तिला हसवलं, त्यामुळे त्यांत ती सगळीकडे हसतेच आहे. झोपली होती, रडली होती, कापूस खाल्ला होता, हे सांगायला माणसं लागतील. वीस वर्षांनी ती विचारेल तेव्हा आम्ही प्रत्येकजण वेगळं सांगू, आणि भांडूही. बोलावलेल्या तीस माणसांचं काम बहुधा हेच आहे, आणि वेफर्स हा त्याचा मेहनताना.

तिचा जन्म १२ जून २०२३चा. त्या दिवशी पालख्या पुण्यात मुक्कामाला आल्या होत्या. नाना पेठेकडचे रस्ते बंद. जावई वारकऱ्यांच्या गर्दीतून वाट काढत पायीच दवाखान्यात पोहोचला, शर्टाला बुक्का लागलेला. आईच्या लेखी चिऊ 'पालखी आली त्या रात्रीची'.

यंदा १२ जूनला हॉलमधून निघताना आईच्या हातात मी रिटर्न गिफ्टची पिशवी दिली. म्हटलं, "बघ, दोन वर्षं पूर्ण झाली की हिला."

"कुठली झालीत?" आई म्हणाली. "अजून आळंदीहून हललीसुद्धा नाही पालखी. आठ दिवस आहेत."