काचेतला मत्स्यन्याय

नान्डस हा आपल्याकडच्या तळ्यांत, दलदलीत आणि पाणी साचलेल्या शेतांत राहणारा मासा. हॅमिल्टनने गंगेतील माशांवरच्या १८२२ च्या ग्रंथात त्याचे वर्णन केले आहे. वाळक्या पानासारखा तपकिरी, आणि पानासारखाच निपचित. लहान मासा जवळ आला की तोंड नळीसारखे पुढे काढून त्याला आत ओढतो. न दिसण्यावरच त्याचे जगणे चालते. अशा लाजऱ्या शिकाऱ्याला मी रायपुरातल्या घरी काचेच्या टाकीत ठेवले आहे.

त्याच्यासाठी गप्पी सोडताना पाहुणे म्हणतात, "निसर्गाचा नियमच आहे." मला ते पटत नाही. बूढा तालाबसारख्या तळ्यात गप्पीला पळायला पाणी असते, लपायला गवत असते. टाकीत चारही बाजूंना काच.

राजा नसला की मोठा मासा लहानाला गिळतो, या स्थितीला कौटिल्य मत्स्यन्याय म्हणतो. टाकीत मात्र राजा आहे. पाणी मी भरतो, दिवा मी लावतो, कोणी कोणासमोर यायचे तेही मीच ठरवतो. मग तिथे जे घडते त्याचा दोष निसर्गावर कसा टाकायचा?

प्राण्यांच्या छळाविरुद्धचा १९६० चा कायदा माणसाखेरीज प्रत्येक सजीवाला प्राणी मानतो. केवळ करमणुकीसाठी एखाद्याला कोंडून दुसऱ्याचे भक्ष्य करणे हा त्याच्या कलम ११ नुसार गुन्हा आहे. शिकाऱ्याला जगवण्यासाठी भक्ष्य देणे वेगळे आणि दिवाणखान्यात माणसे जमवून ते दाखवणे वेगळे. बाहेरून कृती एकच दिसते. फरक हेतूत आहे, आणि हेतू तपासायला घरात पोलीस येत नाही.

म्हणून माझ्यापुरते काही नियम केले आहेत. टाकीत उजेड मंद, वाळकी पाने आणि झाडोरा भरपूर. कोळंबीचा तुकडा चिमट्यात धरून हलवला तर काही नान्डस हळूहळू मेलेले अन्नही घेऊ लागतात. आधी तेच करून पाहायचे. जिवंत मासा द्यावाच लागला तर दिवा मालवून, प्रेक्षकांशिवाय. दिवसचे दिवस नान्डस दिसला नाही तरी पाने बाजूला सारायची नाहीत.

एवढ्याने त्याला कोंडण्याचे समर्थन होत नाही. ते कशानेच होईल असे मला वाटत नाही. पण कोंडणाऱ्याने निदान स्वतःची पाहण्याची हौस तरी सोडावी.