निरोपसमारंभातील ‘आम्ही’

निरोपसमारंभात वर्गातर्फे बोलणारा ‘मी’ म्हणत नाही, ‘आम्ही’ म्हणतो. २००५ साली दहावीचे ते भाषण आमच्याकडे आले होते. ‘आम्ही सुखदुःखे वाटून घेतली’ या वाक्याला टाळ्याही पडल्या.

वस्तुतः नववीत सहलीच्या वर्गणीचे पैसे नाहीसे झाले, तेव्हा आळ एका निरपराध मुलावर आला. पैसे कोणी घेतले हे आम्ही पाहिले होते. आम्ही बोललो नाही. त्या मुलाने शाळा सोडली.

वर्ग गप्प राहिला, असे म्हणणे सोयीचे खरे. पण वर्गाला तोंड कुठे असते? (कचेरीत ‘असे ठरविण्यात आले आहे’ असे लिहून आम्हांस कर्ता लपविण्याचा सरावच झाला आहे.) येथे दिल्लीत हिंदीतील एका ‘हम’वर सारे भागते. मराठीत मात्र ‘आपण’ की ‘आम्ही’, म्हणजे ऐकणाऱ्याला आत घ्यावयाचे की बाहेर ठेवावयाचे, हे बोलणाऱ्यास ठरवावेच लागते. तो मुलगा त्या दिवशी समोर असता, तर आम्ही कोणता शब्द योजिला असता? आणि शाळेच्या आठवणींवर हक्क केवळ शेवटपर्यंत बाकावर बसलेल्यांचाच काय?

गतवर्षी वर्गाच्या स्नेहसंमेलनासाठी नावांची यादी तपासावयास आली. त्याचे नाव तीत नव्हते. आम्ही ते लिहिले. पत्त्याची जागा कोरी राहिली.