घाम आणि वारा

पुण्याजवळच्या सूस खिंडीत पॅडल मारणाऱ्याला एप्रिलचं ३९ अंशांचं ऊन नवं नाही. तोच लेकीकडे सिंगापूरला गेला आणि ३२ अंशांचा आकडा पाहून निर्धास्तपणे सायकलवर निघाला, तर तासाभरात हैराण होईल. लिटरभर घाम वाळताना अंगातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता नेतो, पण वाळला तरच. पुण्याच्या कोरड्या हवेत तो कपाळावर मिठाची पांढरी रेघ ठेवून उडतो. सिंगापूरच्या दमट हवेत तो हनुवटीवरून हँडलवर ठिबकतो, म्हणजे फुकटच जातो.

मग गारेगार मेट्रो काय वाईट, असं कुणी विचारेल. वाईट नाहीच, पण भुयारातून शहर दिसत नाही. शिवाय सायकलस्वार आपला वारा आपणच तयार करतो. खरा घात सिग्नलला होतो, वारा पडला की उकाडा अंगावर कोसळतो. म्हणून तिथल्या उद्यानांना जोडणाऱ्या, ३०० किलोमीटरहून लांब वाटा सोयीच्या: थांबणं कमी, सावली जास्त. निघावं पहाटेच. तेव्हा दमटपणा अधिक असतो, हा आक्षेप बरोबर आहे. पण तेव्हा डोक्यावर ऊन नसतं, आणि तिथे उजाडतंच सातच्या सुमारास. बाटलीत मात्र नुसतं पाणी नको. मीठ घातलेलं लिंबाचं सरबत हवं.