पाप कुणाचं, हे विचारणारे तुम्ही कोण?

बसा. आशीर्वचन झालं म्हणून कुणी उठायचं नाही. आज मला तरुण संघाशी बोलायचं आहे आणि मी गोड बोलणार नाही.

गुरुवारच्या घरप्रार्थनेत तुमच्यातल्या तिघांनी एका आईला विचारलं, "ताई, घरात कुठलं पाप लपलंय ते कबूल करा, मग पोराचं दुखणं जाईल." पोराचे डोळे पिवळे झालेले, सांधे सुजलेले, हाडं ठणकतात म्हणून ते रात्रभर कण्हत होतं. त्याच्या उशाशी बसून तुम्ही त्याच्या आईची उलटतपासणी घेतलीत. वर सांगितलंत की दवाखान्याच्या गोळ्या घेणं म्हणजे अविश्वास. लाज कशी वाटली नाही?

त्या पोराला सिकलसेल आहे. नंदुरबार जिल्ह्यात जन्मून हे तुम्हाला मी सांगायचं? आईबाप दोघंही वाहक असले, तर प्रत्येक खेपेला मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक. वाहकाला स्वतःला सहसा काहीच त्रास नसतो, त्यामुळे तपासणी होईपर्यंत त्याला पत्ताही नसतो. यात पाप कुठे आलं? वाहकाला मलेरियाचा जीवघेणा घाव सहसा बसत नाही. सातपुड्याच्या हिवतापात आपली माणसं तगली, त्यात या रक्ताचाही हात आहे. ज्याला तुम्ही शाप म्हणता, त्याच्यामुळे तुमचा पणजोबा वाचला असेल.

शास्त्र उघडा. योहान, नववा अध्याय. जन्मांध माणसाकडे बघून शिष्यांनी हेच विचारलं होतं, पाप याचं की याच्या आईबापाचं? प्रभूनं दोन्ही नाकारलं. मग थुंकीनं माती कालवली, स्वतःच्या हातानं त्याच्या डोळ्यांना लावली आणि त्याला शिलोहाच्या तळ्यावर धुवायला पाठवलं. तुम्ही त्या पोराला तांब्याभर पाणीसुद्धा दिलं नाहीत. लूकच्या तेराव्या अध्यायात बुरूज कोसळून 18 माणसं मेली. ती इतरांहून जास्त पापी होती का? तिथंही प्रभूचं उत्तर 'नाही' असंच. आणि पुढे पश्चात्ताप करायला सांगितलं ते कुणाला? मेलेल्यांना नव्हे, समोर उभं राहून चौकशा करणाऱ्यांना.

पाड्यावर मूल दगावलं की डाकीण कोण, हे भगताला विचारतात आणि कुठल्या तरी एकट्या बाईच्या नशिबी मार येतो. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तो गुन्हा ठरवला. आपण त्या भीतीतून बाहेर आलो, असं तुम्ही साक्षीच्या वेळी छातीठोक सांगता. काय बाहेर आलात? डाकिणीच्या जागी पाप म्हणालात, बोट पुन्हा बाईकडेच.

देव न्याय करतो. त्यात मी तसूभर कमी करणार नाही. पण त्या दिवशी काय विचारलं जाणार, ते मत्तयच्या पंचविसाव्यात स्पष्ट लिहिलं आहे: भुकेल्याला जेवू घातलंस का, आजाऱ्याकडे गेलास का. शेजाऱ्याचं पाप किती हुडकलंस, हा प्रश्न तिथं नाही. आणि न्यायाची सुरुवात देवाच्या घरापासून होते, हे पेत्रानं मंडळीलाच लिहिलं आहे.

तुमच्या घरातली माणसं ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल म्हणजे काय, ती अंगावर फिरली की पुढचा हंगामही कसा गहाण पडतो, हे तुम्ही पाहिलं आहे. प्रभूनं सांगितलेल्या दाखल्यातल्या एका चाकरावरही असंच धन्याचं कर्ज होतं, दहा हजार तलांतांचं. एक तलांत म्हणजे साधारण सहा हजार दिवसांची मजुरी. करा हिशेब. सात जन्म कोयता चालवला तरी फिटायचं नाही. धन्यानं सगळं सोडलं. बाहेर येताच यानं शंभर दीनारांसाठी सोबतीचा गळा धरला. शंभर दिवसांची मजुरी हातची जाणं काही थोडं नव्हे, त्याचा राग मला कळतो. पण धन्यानं तो चालवून घेतला नाही, आणि माफ झालेलं कर्ज पुन्हा त्याच्या मानेवर बसलं.

त्या तिघांपैकी एकाला मंडळीनं दारूतून दोनदा उचललं, दोनदा प्रभूभोजनाला परत घेतलं. त्याचं नाव कुणी घेतलं नाही, मीही घेणार नाही. त्याच्या घरी आपण 'कबूल कर' म्हणून ठाण मांडलं होतं का? त्याची बायको उपाशी होती तेव्हा धान्य नेऊन दिलं. तीच दया खाऊन हा माणूस त्या आईसमोर न्यायाधीश झाला! स्वतःला दया हवी, शेजाऱ्याला मात्र न्याय?

आता ऐका. आज दुपारी तिघांनी त्या घरी जायचं. आईची माफी मागायची, आणि ती पोरासमोर, कारण तिला बोललात ते त्याच्यासमोरच. हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या तिनं तुमच्या सांगण्यावरून बंद केल्या असतील, तर आजच तिला घेऊन डॉक्टरांकडे जायचं. प्रार्थना करा, खुशाल करा, गोळी देऊन करा. चिंचपाड्याच्या आपल्या ख्रिस्ती दवाखान्यात प्रार्थनाही होते आणि औषधही मिळतं, तिथं कुणी या दोहोंत भांडण लावलेलं नाही.

ज्यांची लग्नं ठरायची आहेत त्यांनी आधी स्वतःची सिकलसेल तपासणी करून घ्यायची. 2023 पासून देशभर त्याची मोहीम चालू आहे, आरोग्य केंद्रात विचारा. मुलगी वाहक निघाली म्हणून सोयरीक मोडून तिची बदनामी केलीत, तर गाठ माझ्याशी आहे.

मंगळवारी पोराला रक्त चढवायला नंदुरबारला न्यायचं आहे. रक्तपेढीत बदली रक्त द्यायला कोण येतंय? हात वर करा.