खडीच्या रस्त्याला कोणाचे नाव?

खेड्यातल्या रस्त्याला बहुधा आधीच नाव असते. सरकारी दप्तरात तो अमुक क्रमांकाचा ग्रामीण मार्ग असेल. माणसे म्हणतात मळ्याची पाणंद, ओढ्याकडची वाट, बाजाराचा रस्ता. ही नावे वाटसरूच्या सोयीची. म्हणून एखाद्या थोर माणसाचे नाव रस्त्याला देण्याचा ठराव ग्रामसभेत येतो, तेव्हा माणूस मोठा होता का, एवढे विचारून भागत नाही. या माणसाची आणि या रस्त्याची गाठ कुठे पडली, तेही विचारायला हवे.

काही ठिकाणी जुने नाव जायलाच हवे. वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर 2020 मध्ये घेतला. ज्याला नुसता पत्ता सांगतानाही जात सांगावी लागते, त्याला पूर्वापार नावाचे प्रेम कुठून असणार? तिथे शाहूनगर, भीमनगर व्हावे, आणि लवकर व्हावे.

इतरत्र, विशेषतः दुष्काळी कामांवर तयार झालेल्या रस्त्यांसाठी, मला एक नाव सुचवावेसे वाटते: वि. स. पागे.

1972 च्या दुष्काळात माणसे घरदार बंद करून कामावर गेली. पाझर तलाव, बांधबंदिस्ती, रस्ते. बाया उन्हात बसून खडी फोडत, पोर शेजारी फडक्याच्या सावलीत. मुकादम हजेरी घेई, सुकडी वाटली जाई. 1973 च्या उन्हाळ्यात अशा कामांवरच्या मजुरांची संख्या 50 लाखांच्या आसपास गेली होती. आज एसटी ज्या रस्त्याने गावात येते, त्यातल्या कितीतरी रस्त्यांच्या तळाशी ती खडी आहे.

पागे 1960 ते 1978 विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम, ही कल्पना त्यांनी आपल्या तासगाव तालुक्यात आधी अजमावून पाहिली. 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. त्यासाठी शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला. मुंबईच्या पगाराचा एक वाटा माणदेशातल्या मजुरीत गेला. पुढे 2005 च्या देशव्यापी कायद्यालाही याच अनुभवाचा आधार मिळाला.

खडी फोडली बायांनी आणि पाटीवर नाव सभापतींचे, हा आक्षेप कोणी घेईल. तो रास्तच आहे. पागे यांनी हातोडा उचलला नव्हता. पण दुष्काळात काम मिळणे ही सरकारची मेहेरबानी होती, तिचा त्यांनी हक्क केला. हातोडा उचलणाऱ्या बाईला सरकारकडे काम मागताना मान खाली घालावी लागू नये, यासाठी त्यांनी कायद्याचा आग्रह धरला. त्यांचे नाव त्या बाईला झाकून टाकत असेल, तर मात्र ते न दिलेलेच बरे.

त्या वेळी विशीत असलेल्या बाया आज सत्तरीच्या पुढे आहेत. ठरावाआधी त्यांना ग्रामसभेत बोलवावे, कोण कोण कामावर होते ते विचारावे आणि सांगतील ती नावे इतिवृत्तात लिहून घ्यावीत. पाटीवर तीन ओळी सहज मावतात. पहिलीत पागे यांचे नाव, दुसरीत दुष्काळाचे साल आणि हा रस्ता गावच्या मजुरांनी केला एवढे वाक्य. तिसरीत जुनेच नाव, मळ्याची पाणंद, म्हणजे रात्री उशिरा आलेला पाहुणा वाट चुकणार नाही.