संत अंतोनी आणि त्यांची धाकटी बहीण



अंतोन, अँथनी, टोनी या नावाचे कोणीच नाही असे घर आपल्या धर्मग्रामात शोधावे लागेल. यातील बहुतेकांचा सण १३ जूनला, पदुआच्या संत अंतोनींच्या दिवशी साजरा होतो. पण पदुआच्या या संताचे मूळ नाव फर्नांदो होते, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? लिस्बनमध्ये जन्मलेले फर्नांदो १२२० साली फ्रान्सिस्कन संघात आले, ते कोइंब्रा शहराबाहेरील एका लहानशा आश्रमात. तो आश्रम इजिप्तच्या संत अंतोनींच्या नावाने होता आणि फर्नांदोंनी त्यांचेच नाव धारण केले. म्हणजे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले हे नाव मुळात वाळवंटातील एका एकांतवासी संताचे आहे. १७ जानेवारीला ख्रिस्तसभा त्यांचा सण पाळते. आज आपण त्यांच्या जीवनाकडे पाहू या. विशेषतः त्यांच्या धाकट्या बहिणीकडे पाहू या, कारण तिच्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही.

अंतोनी यांचा जन्म इ. स. २५१ च्या सुमारास इजिप्तमधील एका सधन ख्रिस्ती शेतकरी कुटुंबात झाला. त्यांचे चरित्र आलेक्झांड्रियाचे बिशप संत अथानासियस यांनी लिहिले आहे. अंतोनी अठरा-वीस वर्षांचे असताना आईवडील वारले. घरात उरली ती फक्त दोन भावंडे. धाकटी बहीण अगदी लहान होती. मागे ३०० अरूरा, म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे २०० एकर सुपीक जमीन होती.

आईवडिलांना जाऊन सहा महिनेही झाले नव्हते. एके दिवशी अंतोनी उपासनेला जात होते. प्रेषितांनी सर्व सोडून प्रभूला अनुसरले, हाच विचार त्यांच्या मनात घोळत होता. मंदिरात शिरतात तोच श्रीमंत तरुणाचे शुभवर्तमान कानी पडले (मत्तय १९:२१). परिपूर्ण व्हायचे असेल तर असेल ते विकून गोरगरिबांना द्यावे, असे प्रभू त्या तरुणाला सांगतो. शुभवर्तमानातील तो तरुण खिन्न होऊन निघून गेला होता. अंतोनी मात्र बाहेर पडले आणि त्यांनी जमीन गावकऱ्यांना देऊन टाकली. घरातील चीजवस्तू विकून पैसे गरिबांना वाटले. बहिणीसाठी तेवढे थोडे बाजूला ठेवले.

पुन्हा एकदा ते मंदिरात गेले. या वेळी उद्याची चिंता करू नका, हा प्रभूचा उपदेश त्यांनी ऐकला (मत्तय ६:३४). मग राखून ठेवलेले तेही त्यांनी वाटून टाकले. आपल्या ओळखीच्या, विश्वासातल्या व्रतस्थ भगिनींच्या हाती बहिणीला सोपवले आणि स्वतः साधनेच्या मार्गाला लागले.

इथे आपण क्षणभर थांबू या. हा प्रसंग आम्ही धर्मगुरू प्रवचनात मोठ्या उत्साहाने सांगतो. पण ऐकणाऱ्या एखाद्या बहिणीच्या मनात प्रश्न येईलच, आणि तो रास्त आहे. भावाला देवाचे बोलावणे आले हे ठीक, पण त्या मुलीचे काय? तिला कोणी विचारले का? तिच्यासाठी ठेवलेले पैसेही गेले, मग तिच्या वाट्याला काय उरले? अथानासियस तिचे नावही देत नाहीत. हे प्रश्न आपण झाकून ठेवता कामा नयेत. संताच्या जीवनातील प्रत्येक कृती आपण जशीच्या तशी गिरवावी, असे ख्रिस्तसभा सांगत नाही. ती त्यामागील भाव ओळखायला सांगते.

तो भाव ओळखायचा तर आपल्या भाषेतील दोन क्रियापदांत फरक करावा लागेल. एक आहे टाकणे आणि दुसरे आहे सोपवणे. जो टाकतो तो मागे वळून पाहत नाही. टाकलेल्याचे पुढे काय झाले, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. जो सोपवतो तो आधी विश्वासाचा हात शोधतो. अंतोनींनी जमीन ओसाड सोडली नाही, ती कसणाऱ्या गावकऱ्यांच्या हाती गेली. पैसा गरिबांच्या हाती गेला. बहीण अशा स्त्रियांच्या हाती गेली, ज्यांना ते ओळखत होते. पैसे ठेवून जाणे कदाचित सोपे होते. पैसे ठेवले की माणसाला वाटते, आपण सुटलो. माणसासाठी माणूस शोधणे कठीण असते.

त्यांचे पुढचे आयुष्यही हेच सांगते. सुरुवातीला ते गावाच्या वेशीजवळच राहिले. शेजारच्या गावातील एका वृद्ध साधकाकडून शिकले. हाताने काम करीत, मिळकतीतून भाकरीपुरते ठेवून उरलेले गरजूंना देत. मग थडग्यांमधील एकांत आला, सैतानाशी झुंज आली. पुढे नाईल नदीपलीकडे एका पडक्या गढीत त्यांनी सुमारे वीस वर्षे काढली. इ. स. ३०५ च्या सुमारास ते बाहेर आले तेव्हा लोकांना वाटले होते, खंगलेला माणूस दिसेल. समोर आला तो निरोगी, शांत मुद्रेचा माणूस. त्यांनी दुःखितांचे सांत्वन केले, भांडणाऱ्यांचा समेट घडवला.

३११ साली सम्राट माक्सिमिनुसच्या काळात आलेक्झांड्रियात ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू झाला. तेव्हा हा एकांतवासी वाळवंट सोडून शहरात आला. खाणीत राबणाऱ्या आणि तुरुंगात खितपत पडलेल्या श्रद्धावंतांची सेवा करू लागला. छळ थांबल्यावर ते तांबड्या समुद्राजवळच्या डोंगराकडे गेले. तिथे त्यांनी थोडी जमीन खणून धान्य पेरले, कारण आपल्यासाठी भाकरी घेऊन येणाऱ्यांना त्रास होऊ नये. भेटायला येणाऱ्या थकल्या पाहुण्यांसाठी भाजीपालाही लावला. त्याच डोंगराच्या पायथ्याशी त्यांच्या नावाचा मठ आजही नांदतो आहे.

आणि ती बहीण? कित्येक वर्षांनंतर अंतोनी डोंगरातून उतरून आपल्या बांधवांना भेटायला आले, तेव्हा ती त्यांना भेटली. आता तीही वृद्ध झाली होती. जी पोर दुसऱ्यांच्या हाती सोपवली होती, ती आता इतर व्रतस्थ भगिनींची प्रमुख होती. तिला पाहून अंतोनींना फार आनंद झाला, असे अथानासियस लिहितात. टाकून दिलेल्या माणसाला भेटल्यावर असा आनंद होत नाही. तिथे नजर खाली जाते.

बंधुभगिनींनो, आपल्यापैकी फारच थोड्यांना वाळवंटात जायचे आहे. पण काही ना काही सोडून सर्वांनाच जावे लागते. कोणी नोकरीसाठी आखातात जातो, कोणी लग्न होऊन सासरी जाते, कोणी सेमिनरीत किंवा मठात प्रवेश करते. मागे म्हातारे आईवडील राहतात, अविवाहित बहीण राहते, आजारी भाऊ राहतो. दरमहा पैसे पाठवले की आपण सुटलो का? त्यांच्या शेजारी कोण बसते, औषध कोण देते, रविवारी मिस्साला कोण घेऊन जाते, हे आपल्याला माहीत आहे का?

तीच गोष्ट जमिनीची. अंतोनींनी जमीन सोडून बहिणीची काळजी वाहिली. आपण कधी कधी बहीण सोडतो आणि जमीन धरून ठेवतो. मृत्युपत्र नसेल तर भारतीय उत्तराधिकार कायदा (१९२५) ख्रिस्ती मुलीला मुलाइतकाच वाटा देतो. तरीही हक्कसोडपत्रावर सही घेताना तिच्या मनात काय चालले आहे, हे किती भाऊ विचारतात? तिने स्वखुशीने सोडले तर तो तिचा त्याग. तिच्याकडून सोडवून घेतले तर त्याला त्याग म्हणता येणार नाही.

वाळवंटातील साधूंच्या परंपरेत एक गोष्ट सांगितली जाते. अंतोनींना एकदा असे प्रकट झाले की, शहरात त्यांच्या तोडीचा एक माणूस आहे. तो साधू नव्हता, वैद्य होता. मिळकतीतील गरजेपुरते ठेवून उरलेले तो गरिबांना देई आणि दिवसभर देवाची स्तुती करी. परिपूर्णता घरात राहून, धंदा सांभाळूनही साधता येते, हे वाळवंटानेच आपल्यासाठी जपून ठेवले आहे.

इ. स. ३५६ मध्ये, वयाच्या १०५ व्या वर्षी अंतोनी देवाघरी गेले. २०० एकरांच्या या धन्याकडे शेवटी कपड्यांखेरीज वाटायला काही नव्हते. मेंढीच्या कातड्याचे एक वस्त्र त्यांनी अथानासियस यांना द्यायला सांगितले. त्यांनीच एकदा दिलेला नवा झगा, आता झिजलेला, तोही त्यांना परत. दुसरे कातडे बिशप सेरापियन यांना, आणि केसांचे खरखरीत वस्त्र सेवा करणाऱ्या शिष्यांना. शेवटची चिंधीही त्यांनी कुणाच्या तरी हाती सोपवली.

या आठवड्यात आपण प्रत्येकजण एक नाव आठवू या, आपण मागे सोडलेल्या एका माणसाचे. ते आज कोणाच्या हाती आहे, हे विचारू या. उत्तर सापडले नाही, तर पुढच्या रविवारपर्यंत त्याच्या दारात जाऊन येऊ या.

हे प्रभू, तुझ्यासाठी सोडताना कोणालाही न टाकण्याची कृपा आम्हांला दे. संत अंतोनी, आम्हांसाठी विनंती करा. आमेन.